इमारत धोकादायक आहे की नाही, हे मतदानाने ठरते का?

दादरचा सचिव

आमची गृहनिर्माण सोसायटी ३० वर्षांहून जुनी असल्याने दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्यावे लागते. यंदाचा अहवाल चिंताजनक आला, म्हणून विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. सभेला ३१ सभासद हजर होते. ‘इमारत दुरुस्तीपलीकडे गेली आहे’ हा पहिला ठराव २० विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. ‘आलेला विकासकाचा प्रस्ताव विश्वासार्ह आहे’ हा दुसरा ठराव २२ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच पुनर्विकासाला जायचे, हे सभेने सुरुवातीलाच एकमुखाने मान्य केले होते. तरीही ‘पुनर्विकासाला जावे’ हा तिसरा ठराव ११ विरुद्ध २० असा फेटाळला गेला.

सभेनंतर जिन्यातच वाद पेटला. एका ज्येष्ठ सभासदांच्या मते लोकांना तर्क कळत नाही, तर दुसऱ्यांच्या मते लोकशाहीत हे असेच चालायचे. मला मात्र याहून मूलभूत शंका आहे. खांबातली सळई गंजली आहे की नाही, ही गोष्ट आमच्या हात वर करण्यावर अवलंबून नाही. मग बहुमत आणि तर्क या दोन साधनांच्या भरवशावर आपण सत्यापर्यंत पोहोचतो, असे म्हणता येईल का?

निवृत्त गणितशिक्षक, मुलुंड

सचिव महोदय, आपल्या सभासदांवर अतार्किकपणाचा आरोप करण्यापूर्वी त्यांचे तीन गट पाडून पाहावेत. समजा, ११ जणांना दोन्ही विधाने खरी वाटतात; ९ जणांना इमारत गेलेली वाटते, पण विकासकावर त्यांचा विश्वास नाही; उरलेल्या ११ जणांना विकासक बरा वाटतो, पण इमारत अजून दुरुस्त होईल असे वाटते. आता बेरीज करा. पहिल्या ठरावाला २०, दुसऱ्याला २२ आणि तिसऱ्याला फक्त ११ मते पडतात, म्हणजे आपलेच आकडे. यात एकाही सभासदाने स्वतःच्या मताशी विसंगत हात वर केलेला नाही. ३१ सुसंगत माणसांची बेरीज मात्र विसंगत निघाली. ख्रिश्चन लिस्ट आणि फिलिप पेटिट या तत्त्वज्ञांनी २००२ मध्ये दाखवले की हा एखाद्या सभेपुरता योगायोग नाही: काही अगदी साध्या लोकशाही अटी एकत्र पाळून, परस्परांशी जोडलेल्या विधानांवर नेहमीच सुसंगत सामूहिक निकाल देईल अशी मतमोजणीची पद्धतच असू शकत नाही.

तरीही बहुमताला अगदीच मोडीत काढू नये. फ्रेंच गणिती काँदोर्से यांनी १७८५ मध्ये मांडलेले गणित असे आहे: प्रत्येक मतदार बरोबर असण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर तिघांचे बहुमत बरोबर असण्याची शक्यता ६४.८ टक्के होते आणि ३१ जणांचे सुमारे ८७ टक्के. मात्र तीच शक्यता माणशी ४० टक्के असेल, तर ३१ जणांचे बहुमत बरोबर ठरण्याची शक्यता सुमारे १३ टक्क्यांवर घसरते. म्हणजे गर्दी जितकी मोठी, तितकी चूक पक्की. शिवाय प्रत्येकाने स्वतंत्रपणे विचार केला आहे, ही अट या साऱ्याच्या मुळाशी आहे. सभेच्या आदल्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच निरोप २५ जणांनी पुढे ढकलला असेल, तर ती २५ मते मी तरी एकच धरीन. (काँदोर्से स्वतः फ्रेंच राज्यक्रांतीचे समर्थक होते आणि त्याच क्रांतीच्या तुरुंगात १७९४ मध्ये वारले.)

गिरगावचा जुना वकील

स्वतंत्र विचाराची अट मोडली की काय होते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे ज्यूरीने, म्हणजे खटला ऐकणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, ८ विरुद्ध १ अशा मताने त्यांना निर्दोष ठरवले. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू जोरात उचलून धरली होती आणि शहरात दुसरा विषय नव्हता. सत्र न्यायाधीशांना तो कौल पुराव्याला धरून वाटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे नानावटींना जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या, असा बचाव होता. आहुजा नुकतेच न्हाऊन बाहेर आले होते आणि त्यांच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता. झटापट झाली असती तर तो सुटला असता, असे अनुमान त्याविरुद्ध मांडले गेले. यातला तर्क कोणालाही करता येण्याजोगा आहे. पण टॉवेल कुठे होता हे कोणीतरी पाहिले आणि नोंदवले नसते, तर तो तर्क करणार कशावर?

म्हणून बहुमत चुकते आणि तर्क तारतो, असा सरळ निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. केशवानंद भारती खटल्यात १९७३ मध्ये १३ न्यायमूर्ती बसले होते. सर्वांसमोर तीच राज्यघटना होती, महिनोन्‌महिने ऐकलेले तेच युक्तिवाद होते आणि तर्क करण्यात त्यांच्यापैकी कोणीही कच्चे नव्हते. निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला. संसदेला घटनादुरुस्ती करता येते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, हा सिद्धांत उभा आहे तो एका मताच्या फरकावर.

स्थापत्य अभियंता, ठाणे

वकीलसाहेबांच्या टॉवेलसारखाच प्रकार आमच्या खांबांचा असतो. न्यायदर्शन या भारतीय तर्कशास्त्रातले ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे अनुमान सर्वांना ठाऊक आहे. आमचे अनुमान ‘जिथे तांबूस डाग तिथे गंजलेली सळई’ असे असते. हा हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, पुष्कळदा अनैकांतिक, म्हणजे एकाच गोष्टीकडे बोट न दाखवणारा, निघतो, कारण तसाच डाग वरच्या टाकीच्या गंजक्या पाइपातून ठिबकणाऱ्या पाण्यानेही पडतो. त्यामुळे नुसता डाग पाहून इमारत गेली म्हणणारा आणि डाग पुसून ती ठणठणीत आहे म्हणणारा, दोघेही मला सारखेच. गिलावा काढून सळई उघडी करावी लागते आणि काँक्रीटचा गाभा काढून तो प्रयोगशाळेत दाबून पाहावा लागतो. आपला पहिला ठराव मतदानाला टाकायलाच नको होता. विकासक निवडणे, भाडे किती मागायचे, दुरुस्तीचा खर्च पेलायचा का, हे सभासदांचे विषय आहेत आणि तिथे त्यांचे मत अंतिम असले पाहिजे.

दादरचा सचिव

सर्वांचे आभार. गणितशिक्षकांनी मांडलेले गट मी हजेरीपटावरून मनातल्या मनात जुळवून पाहिले आणि ते बहुतांशी जुळले. पुढच्या सभेत पहिला ठराव न ठेवता अभियंत्यांनाच प्रश्नोत्तरांसाठी बोलावावे आणि उरलेले मतदान चिठ्ठ्यांनी घ्यावे, असे मी समितीला सुचवणार आहे.

एक अडचण मात्र उरते. पहिल्या ठरावाच्या विरोधात गेलेले ११ जण म्हणतात की ऑडिट करणारा समितीनेच नेमला होता, म्हणून अहवालच मान्य नाही. त्यांना खोटे कसे म्हणू? अहवाल मीही समजून वाचलेला नाही. मी खालची सही पाहिली आणि विश्वास ठेवला. दुसरा अभियंता त्या ११ जणांनी निवडावा आणि खांब कोणते फोडायचे हेही त्यांनीच सांगावे, असा विचार आहे. त्याचे शुल्क कोणी द्यायचे, यावर पुन्हा मतदान घ्यावे लागेल.