चहा सोडलेल्या विद्यार्थ्याला व्यसन कळते का?

नदीकाठ : व्यसनमुक्तीच्या भावी समुपदेशकांना एखादी आवडती सवय काही आठवडे सोडायला लावावी, म्हणजे रुग्णाची तगमग त्यांना आतून कळते, असे परवा येथे कोणीतरी लिहिले आणि सर्वांनी माना डोलावल्या. मला हे मुळीच मान्य नाही. चहा सोडला की डोके ठणकते आणि आठवडाभरात थांबते. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास माणूस दगावतोही. माझा थोरला भाऊ कोऱ्या भिंतीवरच्या मुंग्या अंगठ्याने एकेक करून चिरडत बसला होता. त्याला ‘तुमचे दुःख मला कळते’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी खोलीत उभे केले नसते.

सांजवात : भ्रम उतरवणे हे डॉक्टरांचे काम आहे, समुपदेशकाचे काम त्यानंतर सुरू होते. आमच्या समुपदेशनाच्या वर्गातील एकीने या उपक्रमात गोड सोडले होते आणि रोजची नोंद वहीत करायची होती. गौरी-गणपतीत तिचा नेम मोडला आणि पुढच्या नोंदी तिने एका बैठकीत, एकाच शाईने लिहून काढल्या. माणूस घसरण का लपवतो, हे आम्हाला त्या वहीने शिकवले. पुन्हा प्यालेल्या रुग्णाला ती आज एका शब्दाने दटावत नाही.

रानजाई : तुमची चर्चा दारूपाशीच का अडते? माझी आई पहाटे तव्यावर तंबाखू भाजून मिशरी करायची आणि ती दातांना लावल्याशिवाय तिला परसाकडे होत नसे. गावात त्याला कोणी व्यसन म्हटले नाही. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण घरच्या तव्याला कोण बंदी घालणार?

नदीकाठ : मिशरीसाठी वेगळा धागा काढावा. येथे प्रश्न प्रशिक्षणाचा आहे.

रानजाई : प्रश्न प्रशिक्षणाचाच आहे! आईला समजवायला आलेल्या मुलीने कधी काहीच सोडले नव्हते, म्हणून ती कर्करोगाची चित्रे दाखवत राहिली. पोट साफ होणार नाही, ही आईची धास्ती तिने विचारलीसुद्धा नाही. बायकांची व्यसने तुम्हा लोकांना विषयांतर वाटतात, याचा मला संताप येतो.

सांजवात : मी हेच सांगत आहे. सवय सोडताना आपला दिवस नेमका कोठे अडतो हे ज्याने पाहिले, तो रुग्णालाही तेच आधी विचारतो.

नदीकाठ : विचारण्यापुरते मान्य करतो, त्यापुढे नाही. पुण्यातील मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले आणि तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसे पुढे इतरांना सावरू लागली. त्यांनी नोकरी, संसार, अब्रू गमावलेली असते. गोड सोडणाऱ्याचे काय जाते? उपक्रम ठेवायचा असेल तर ठेवा, पण नोंदवहीला गुण देऊ नका, कारण गुणांसाठी प्रत्येक जण शाई जुळवून लिहील.

रानजाई : गुण नकोतच. पण पहिल्या तासाला मिशरी लावणाऱ्या एखाद्या बाईला वर्गात बोलवा आणि तिला बोलू द्या.