गुड फ्रायडेला जोडून तीन दिवस सुट्टी: मुंबईतच राहायचं की पळायचं?

गल्लीबोळ

यंदा गुड फ्रायडे 3 एप्रिलला आणि ईस्टर 5 ला. सलग तीन दिवस बघून आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी लोणावळा नाहीतर अलिबाग धरलंय. मी मुंबईतच राहणार, आणि तुम्हीही राहा असं माझं म्हणणं आहे. मागच्या वर्षी याच शुक्रवारी पहाटे निघून खोपोलीलाच साडेदहा वाजले. पोरगं गाडीत ओकलं. वर पोचल्यावर जी मिसळ खाल्ली ती घराखाली चालत जाऊन खाल्ली असती.

बेत असा आहे. शुक्रवारी सकाळी फोर्ट-कुलाब्याची चर्चफेरी. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल 1718 सालचं. किल्ल्याचा जो दरवाजा या चर्चच्या बाजूला होता तो चर्चगेट. रोज तिथे उतरणाऱ्या कितीजणांनी ते चर्च आतून पाहिलंय? मग कुलाब्याचं अफगाण चर्च, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं. दुपारी मेट्रो 3 ने गिरगावात उतरून खोताची वाडी, जुन्या घरांची वस्ती. जमिनीखालून एसीत बसून गिरगाव गाठायचं हीच माझ्या पिढीला अजून गंमत वाटते. शनिवारी कान्हेरी, शंभरावर लेणी आहेत आणि शेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी. रविवारी मार्वेच्या धक्क्यावरून होडीने मनोरी.

डबा_नंबर_पाच

साफ असहमत. एप्रिलमध्ये भर दुपारी गिरगावात पायी फिरणं याला सहल म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात. कान्हेरीचा कातळ तर दहा वाजताच तव्यासारखा तापतो.

मी बदलापूर ते सीएसएमटी रोज करतो, जाऊन-येऊन तीन तास. वर्षात मोजून चार वेळा अशी सुट्टी जुळून येते. त्यात पुन्हा सीएसएमटीलाच जाऊ? रोज उतरूनही ज्यांनी ते चर्च पाहिलं नाही म्हणता ना, त्यांना शहर बघायचं नसतं, विसरायचं असतं. आणि रविवारचा मेगाब्लॉक धरला का हिशेबात? आमच्या लायनीवर साधारण अकरा ते चार. बायको-पोरांना घेऊन ठाण्याला फलाटावर ताटकळण्यापेक्षा मी खोपोलीला अडकेन. निदान बसायला मिळतं.

गल्लीबोळ

बदलापूरवाल्यांना सूट! पण 'निदान बसायला मिळतं' हा घाटात अडकण्याच्या बाजूचा मुद्दा असू शकतो हे मला आजवर सुचलं नव्हतं.

चुलीवरचे_फुगे

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती समाजातली, वांद्र्याच्या गावठाणात वाढलेली. वरचा बेत वाचून गप्प बसणार होते, पण 'शुक्रवारी चर्चफेरी' काही पचेना.

आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, आणि त्याच मिस्सातल्या 'ग्लोरिया' या स्तुतिगीतानंतर देवळातली घंटा बंद होते. ती वाजते थेट शनिवारी रात्री. मधल्या काळात लाकडी खटखटा वाजवतात, कोरडा, कानाला टोचणारा आवाज. वेदीवरचं कापड, फुलं, मेणबत्त्या सगळं काढून नुसता दगड उरतो. शुक्रवारी मिस्सा होतच नाही, जगातल्या कुठल्याही कॅथलिक देवळात नाही. दुपारी तीनच्या सुमारास प्रार्थना असते आणि मग रांगेने येऊन क्रुसाला ओठ लावायचे. आमच्या घरी त्या दिवशी पेज आणि खारातली कैरी, टीव्ही बंद. आजी तर केससुद्धा विंचरायची नाही.

तर मागच्या वर्षी त्या रांगेत माझी आई होती. वय ऐंशी, एका हातात काठी. ती वाकली आणि तेवढ्यात एक मुलगा कॅमेरा घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "आजी, परत एकदा कराल?"

तिने परत एकदा केलं हो. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

मुद्द्याचं_बोला

त्या मुलाने केलं ते वाईटच. पण एका मूर्खावरून सगळ्यांना दारं बंद? आमच्या चाळीच्या गणपतीत कोणीही येतं, फोटो काढतं, मोदक खाऊन जातं. वारीत तर कॅमेऱ्यांचीच दिंडी असते. सेंट थॉमस काय किंवा अफगाण चर्च काय, ती शहराची वास्तू आहे. हेरिटेज म्हणून जपायचं सगळ्यांनी आणि बघायचं तेवढं तुम्ही ठरवाल त्या दिवशी, हे मला पटत नाही. उलट तुमचा-आमचा परिचय होणार कसा? नाताळचा केक खाऊन?

चुलीवरचे_फुगे

दारं बंद कोण म्हणालं? सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला या, निम्मी गर्दी तुमचीच असते, आम्हाला आनंदच आहे. गणपतीची तुलना त्या जत्रेशी करा. गुड फ्रायडे येशूच्या मरणाचा दिवस, त्याची तुलना मयताशी करा. मयताच्या घरी तुम्हीही जाता की, पण जाऊन काय करता? मागे उभे राहता, हळू बोलता. तसे शुक्रवारीही या, कोणी हटकणार नाही. फक्त अकराला सेंट थॉमस, बाराला अफगाण, एकला जेवण असं वेळापत्रक करून नका येऊ. (आणि सकाळी व्हॉट्सॲपवर 'हॅपी गुड फ्रायडे' पाठवू नका. दरवर्षी किमान सहा येतात, दोन तर माझ्या साहेबांचे.)

खोताच्या वाडीचंही तेच. पाठारे प्रभू खोतांच्या त्या जागेवर आमच्या लोकांनी घरं बांधली. बाहेर कट्टा दिसतो तो त्यांच्या ओटीचा भाग आहे, शहराचं बाकडं नाही. माझ्या मावशीच्या जिन्यावर बसून लोक पोज देतात आणि ती आतून पडदा सरकवून वाट बघते, कधी उठतील म्हणून.

मुद्द्याचं_बोला

मयताची तुलना पटली. जिन्याचीही पटली. पण वास्तू सगळ्यांची, हे माझं म्हणणं कायम आहे.

पंचांगवाले_काका

थोडं अवांतर, कोणी तरी विचारणारच होतं. हा सण दरवर्षी पळतो कसा? 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान कुठेही पडतो. 2025 ला 20 एप्रिल होता, पुढच्या वर्षी 28 मार्चला आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर कधी होळीच्या पौर्णिमेनंतर, कधी चैत्री पौर्णिमेनंतर. यंदा हनुमान जयंती गुरुवारी आणि लगेच दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, हा योगायोग नाही, चंद्र एकच आहे. सुट्ट्यांची बुकिंगं करणाऱ्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उघडलं असतं तरी पुरे होतं.

शिवाजीपार्कची_बाकडी

दादरमध्ये जन्म गेला. 'पोर्तुगीज चर्चला भेट' असं हजार वेळा म्हटलं असेल, पण आत गेलो पन्नाशी उलटल्यावर. मूळ चर्च सोळाव्या शतकातलं, आताची इमारत चार्ल्स कोरिया यांची, 1970 च्या दशकातली. बाहेरून काँक्रीटचे शंख उलटे ठेवल्यासारखे दिसतात. आत गेल्यावर वरून उजेड येतो आणि रस्त्यावरचा बसचा भोंगा कुठल्या कुठे जातो. मी एका साध्या मंगळवारी गेलो होतो. पंधरा मिनिटं बसलो. कोणी काही विचारलं नाही. त्यामुळे धागाकर्त्याला माझं म्हणणं, चर्च बघायला ईस्टरच कशाला पाहिजे?

डबा_नंबर_पाच

तेच तर! म्हणजे शेवटी चर्च मंगळवारी आणि शुक्रवारी लोणावळा. मी जिंकलो.

दोन_पोरांची_आई

मला दोन्ही पक्ष अमान्य. तीन दिवस कुठेही न जाणे हाही एक बेत असतो. आमच्या सोसायटीत निम्म्या गाड्या गेल्या की मागच्या पार्किंगमध्ये क्रिकेटचं मैदान होतं. गेल्या वेळी पोरं सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ तिथेच होती. स्टंप म्हणून कोणाचा तरी कुंडीचा स्टँड घेतला, तो मोडला, ते वेगळं. मुंबई सोडून जाणाऱ्यांनी बिनधास्त जावं, आमच्या शुभेच्छा.

गल्लीबोळ

फुगेबाई, तुमच्या आईंचं वाचून बायकोलाही दाखवलं. शुक्रवार रद्द. खरं सांगायचं तर मला 'गुड' या शब्दानेच फसवलं, इतकी वर्षं तो आनंदाचाच दिवस समजत होतो. शुक्रवारी घरीच. कान्हेरी सकाळी लवकर, डबा_पाच यांचा तव्याचा मुद्दा मान्य. मनोरी कायम, कारण आम्ही वेस्टर्नचे, मेगाब्लॉक तुमचा तुम्हाला लखलाभ.

आता एक विचारतो, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. घंटा शनिवारी रात्री पुन्हा वाजते म्हणालात. ती ऐकायला आलं तर चालतं का? कॅमेरा घरी ठेवून.

चुलीवरचे_फुगे

चालतं काय, याच. आधी देवळातले सगळे दिवे घालवतात. बाहेर अंगणात नवा विस्तव पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती लावतात आणि ती घेऊन अंधारात आत जातात. मग एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी ज्योत मागेपर्यंत येते. बोलणं नसतं, नुसती कापडांची सळसळ. त्यानंतर बायबलमधली वाचनं, ती लांबतात, पोरगं झोपेल, झोपू द्या. घंटा 'ग्लोरिया'ला वाजते. माझ्या आईचे डोळे दरवर्षी तिथेच भरतात.

वेळ प्रत्येक देवळाची वेगळी असते, बाहेरच्या फळ्यावर लिहिलेली असते. अर्धा तास आधी या, नाहीतर उभं राहावं लागेल.

गल्लीबोळ

मेणबत्ती आपली आणायची का तिथे मिळते?

चुलीवरचे_फुगे

आमच्याकडे दारात मिळते. पोराच्या मेणबत्तीला तेवढी पुठ्ठ्याची चकती घाला खालून, हातावर मेण ओघळतं. आणि रविवारी मनोरीहून येताना वाटेत थांबा, आईने काजूच्या मार्झिपानची अंडी केलीत. फोन नंबर व्यनि (खाजगी निरोप) करते.

डबा_नंबर_पाच

आम्ही खोपोलीहून कळवू.