मदत हवी आहे: पहिला हाय-एंड गेमिंग पीसी, नाशिकमध्ये जोडायचा आहे, पार्ट्सची यादी तपासून हवी

सिडको_१४४०पी

नमस्कार. बजेट अडीच लाख, त्यात मॉनिटर, कीबोर्ड, माऊस धरलेले नाहीत. मॉनिटर २७ इंची, १४४०पी, १८० हर्ट्झचा ठरला आहे. खेळायचं ते सायबरपंक २०७७ सारखे जड खेळ रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांची खऱ्यासारखी गणना) लावून, आणि मित्रांबरोबर व्हॅलोरंट. पाचेक वर्षं चालावा, मध्ये एकदा ग्राफिक्स कार्ड बदलायची तयारी आहे. खोली सिडकोत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. एसी नाही.

दुकानातून मिळालेलं कोटेशन:

प्रोसेसर: कोअर आय९-१४९००के
मदरबोर्ड: झेड७९०, वरच्या रेंजचा
रॅम: १६ जीबीच्या चार पट्ट्या, डीडीआर५ ५६००
ग्राफिक्स कार्ड: आरटीएक्स ५०७०, १२ जीबी
एसएसडी: २ टीबी, जेन ५
कूलर: ३६० एमएम लिक्विड
एसएमपीएस (पार्ट्सना वीज पुरवणारा डबा): "८५० वॅट गोल्ड" (मॉडेल लिहिलेलं नाही)
कॅबिनेट: पुढून पूर्ण काच, सात आरजीबी पंखे

यात काय बदलू? यूपीएस किती व्हीएचा लागेल? आणि खरेदी इथेच करावी की मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जावं?

फ्रेमटाइम

या यादीत बोर्ड, एसएसडी आणि लिक्विड कूलरवर पैसा ओतलाय आणि ग्राफिक्स कार्डावर काटकसर केली आहे. १४४०पीला रे ट्रेसिंग लावून खेळताना फ्रेम्स ठरवतं ते कार्ड. त्यामुळे आधी कार्ड ठरवा, उरलेल्या पैशात बाकीचं बसवा.

५०७० ऐवजी ५०७० टीआय घ्या. नाव जवळचं असलं तरी कार्डं वेगळी आहेत: ५०७० मध्ये ६१४४ कुडा कोअर (कार्डातले गणना करणारे भाग) आणि १२ जीबी मेमरी, टीआयमध्ये ८९६० कोअर आणि १६ जीबी. रे ट्रेसिंग, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम्स कार्डानेच बनवणं) आणि हाय टेक्स्चर एकत्र चालू केले की १२ जीबी भरते. सरासरी फ्रेम्स ठीक दिसतात, पण मध्येच खेळ अडखळतो, आणि ते सेटिंग उतरवल्याशिवाय जात नाही. पाच वर्षांचा विचार असेल तर १६ च्या खाली जाऊ नका. ५०८० वरही १६ जीबीच आहे, म्हणून तिकडे ताणून जाण्यात अर्थ नाही. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी हेही १६ जीबीचं उत्तम कार्ड आहे. फक्त तुम्ही सायबरपंकचं नाव घेतलंत, आणि तिथे पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचा सगळ्यात जड प्रकार) लावलं की एनव्हिडिया बरंच पुढे जातं. दोघांच्या भावात मोठी तफावत निघाली तर मात्र ९०७० एक्सटी बिनधास्त घ्या.

प्रोसेसर: रायझन ७ ९८००एक्स३डी, बजेट आवळायचं असेल तर ७८००एक्स३डी. दोन्ही आठ कोअरचे, दोन्हींत ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी). खेळाला वारंवार लागणारा बराच डेटा या कॅशमध्ये मावतो, प्रोसेसरला रॅमकडे वारंवार जावं लागत नाही, त्यामुळे फ्रेम्स एकसारख्या येतात. व्हॅलोरंटमध्ये हा फरक डोळ्यांना दिसेल. आय९-१४९००के वाईट प्रोसेसर नाही, पण पूर्ण भारावर २५३ वॅट ओढतो. तुमच्या खोलीत ती उष्णता नको. १३व्या-१४व्या पिढीत व्होल्टेजमुळे प्रोसेसर अस्थिर होण्याचा प्रश्न निघाला होता, त्यावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. शिवाय त्या सॉकेटवर पुढची पिढी येणार नाही. एएम५ला (या रायझनच्या सॉकेटला) निदान २०२७ पर्यंत साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय.

रॅम: दोनच पट्ट्या, १६-१६ जीबी, डीडीआर५ ६०००, सीएल३० (प्रतिसादाचा वेळ, आकडा कमी तितका बरा), एक्सपो प्रोफाइलवाली (जाहीर वेग एका सेटिंगने लागू होतो). एएम५वर चार पट्ट्या लावल्या की मेमरी कंट्रोलरवर भार पडतो आणि एएमडीचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत उतरतो. म्हणजे जास्त पैसे देऊन संथ रॅम. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, तेव्हा आत्ता ६४ जीबीच्या मागे लागू नका. खेळांना ३२ पुरते.

बोर्ड बी६५० किंवा बी८५०. पाहायचं एवढंच: बायोस फ्लॅशबॅकचं बटण (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, पेनड्राइव्हवरून बदलायला), व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर) नीट हीटसिंक, निदान दोन एम.२ (एसएसडीचे) स्लॉट. काही बोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉट भरला की ग्राफिक्सचा स्लॉट १६ लेनवरून (डेटाच्या वाटांवरून) ८ वर येतो. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं, विकत घेण्याआधी वाचा.

एसएसडी जेन ४ची (जोडणीची आधीची पिढी), २ टीबी, टीएलसी (मेमरी चिपचा प्रकार), स्वतःची डीरॅम (छोटी जलद मेमरी) असलेली. डब्ल्यूडी एसएन८५०एक्स किंवा सॅमसंग ९९० प्रो. जेन ५ जास्त तापते आणि खेळ उघडायच्या वेळेत फरक जाणवत नाही.

हवा_खेळती

कॅबिनेटबद्दल मी जास्त आग्रहाने सांगेन, कारण खोली स्लॅबखाली आहे. नाशिकची हवा थंड म्हणतात ते हिवाळ्यापुरतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ३८-४० अंश असताना वरच्या मजल्यावर रात्रीही स्लॅब तापलेला असतो. खोली दहा अंशांनी तापली की पार्ट्सचं तापमानही जवळपास तेवढंच चढतं, पंखे कितीही लावा. पुढे सलग काच असेल तर हवा कडेच्या फटीतून येते, म्हणजे सात पंखे असूनही कार्ड गुदमरतं. पुढून पूर्ण जाळी घ्या: पुढे दोन १४० एमएम किंवा तीन १२० एमएम आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली की फटींतून धूळ कमी शिरते. पुढच्या जाळीचं फिल्टर काढून धुता येणारं असावं.

या प्रोसेसरला ३६० एमएम लिक्विडची गरज नाही. १२० वॅटच्या चिपला दोन टॉवरचा एअर कूलर पुरतो, आणि त्यात पंप नसल्यामुळे बिघडण्यासारखा फक्त पंखा उरतो. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसईची उंची १५५ एमएम, डीपकूल एके६२०ची १६०. कॅबिनेटच्या माहितीत "सीपीयू कूलरची उंची" त्यापेक्षा जास्त हवी. कार्डाची लांबीही बघा. तीन पंख्यांची कार्डं ३३० एमएमच्या पुढे जातात, आणि पुढचे पंखे लावल्यावर उरलेली जागा मोजायची असते.

उन्हाळ्यासाठी दोन सेटिंग करून ठेवा. बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवणारं सेटिंग) उणे १५ पासून सुरू करा. खेळताना किंवा नुसतं बसलेलं असताना मशीन रीस्टार्ट झालं तर उणे १० वर या. आणि फ्रेम्स १७० च्या आसपास बांधा. १८० हर्ट्झच्या मॉनिटरवर व्हॅलोरंट ४०० फ्रेम्सने पळवणं म्हणजे खोलीत हीटर लावणं. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंश आहे, ९८००एक्स३डीची ९५. मर्यादेला टेकला तर चिप जळत नाही, वेग कमी करते. पण खेळताना रोजच टेकत असेल तर कूलरचा दाब आणि पेस्ट तपासा. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहून गेलेलं असतं, ते आधी बघा.

सातपूर_वायरिंग

विजेचं सांगतो. "८५० वॅट गोल्ड" हे मॉडेल नव्हे. गोल्ड म्हणजे फक्त कार्यक्षमता. ओव्हरकरंट, शॉर्टसर्किट वगैरे संरक्षण कितपत नीट आहे ते त्या शब्दावरून कळत नाही. कोटेशनवर कंपनी, मॉडेल आणि वॉरंटीची वर्षं लिहून घ्या. हिशोब: कार्ड ३०० वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त १६० च्या आसपास, बाकी ६० ते ८०. एकूण साडेपाचशेच्या आत. एनव्हिडिया ५०७० टीआयला ७५० वॅट सुचवते. ८५० घेतलात तर पुढचं कार्डही त्यावर चालेल. एटीएक्स ३.१चा (एसएमपीएसचं नवं मानक) आणि स्वतःची १२व्ही-२×६ केबल (कार्डाला वीज देणारी) असलेला घ्या.

ती केबल कार्डात बसवताना फट अजिबात राहता कामा नये. अर्धवट बसली की थोड्या पिनांवर सगळा करंट जातो आणि कनेक्टर वितळतो. कनेक्टरपासून निदान ३५ एमएम केबल सरळ ठेवा, मग वळवा. कॅबिनेटची काच केबलवर दाबत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे. दुसऱ्या एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल कधीही वापरू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि एसएसडी किंवा हार्डडिस्क जागच्या जागी जाते.

यूपीएस: व्हीए आणि वॅट एक नाही. बाजारातला १००० व्हीएचा यूपीएस बहुतेक ६०० वॅटचा असतो. मॉनिटर धरून तुम्ही त्याच्या काठावर जाता, वीज गेली की ओव्हरलोड होऊन तोही बंद. १५०० व्हीए, ९०० वॅट, शुद्ध साइन वेव्ह घ्या. या दर्जाच्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) असतं, पायऱ्यांच्या वेव्हवर काही एसएमपीएस नेमके बॅटरीवर जातानाच बंद पडतात. पाच मिनिटांचा बॅकअप पुरे, खेळ सेव्ह करून बंद करता येतो.

त्याआधी भिंतीतला सॉकेट तपासून घ्या. फेज-न्यूट्रल साधारण २३०, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि सर्ज प्रोटेक्टरही निम्मा निकामी होतो. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की प्लगबरोबर लॅनची वायरही काढा.

सिडको_१४४०पी

सगळ्यांचे मनापासून आभार. सुधारलेली यादी: ९८००एक्स३डी, बी६५० बोर्ड (बी८५०पेक्षा बराच स्वस्त मिळतोय), ३२ जीबी ६००० सीएल३०, ५०७० टीआय, २ टीबी जेन ४, पीअरलेस असॅसिन, जाळीचं कॅबिनेट, ८५० वॅट एटीएक्स ३.१, १५०० व्हीए यूपीएस. बी६५०वर ९८००एक्स३डी चालेल ना? आणि दुकानात काय तपासून घेऊ?

टॉर्क्स_टी२०

चालेल, पण बायोस नवा हवा. बी६५० बोर्ड २०२२ मध्ये आले, ९८००एक्स३डी नोव्हेंबर २०२४ मध्ये. जुना स्टॉक असेल तर स्क्रीनच येणार नाही. फ्लॅशबॅक असं करा: कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा, रिव्हिजनसकट, ताजा बायोस घ्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्या. २४ पिन आणि सीपीयूची ८ पिन लावा, एसएमपीएस चालू, पेनड्राइव्ह खूण असलेल्या यूएसबीत, बटण तीन सेकंद दाबा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावू नका. ताजा बायोस आणखी एका कारणासाठी हवा: २०२३ मध्ये एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारींनंतर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित केलं गेलं, ती मर्यादा जुन्या बायोसमध्ये नाही.

खरेदी: कॅनडा कॉर्नर, एम. जी. रोड परिसरातल्या दोन-तीन दुकानांतून याच यादीचं कोटेशन घ्या, मग लॅमिंग्टन रोडचा भाव फोनवर विचारा. मुंबई इथून १७० किलोमीटरच्या आसपास. फरक थोडा असेल तर नाशिकमध्येच घ्या, कारण वॉरंटीच्या वेळी पार्ट घेऊन दुकानात जायचं असतं. जीएसटीचं पक्कं बिल, आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर. बिलाशिवाय स्वस्त मिळणारं कार्ड बहुधा भारतातल्या वितरकाचं नसतं, त्याला इथे वॉरंटी मिळत नाही.

काउंटरवर बोर्डाचा सॉकेट उघडून मोबाइलच्या टॉर्चखाली बघा. एएम५च्या १७१८ पिना बोर्डावर असतात, एक जरी वाकलेली असली तर नंतर वॉरंटी नाकारतात. सॉकेटचं काळं झाकण जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड देताना ते मागतात.

जोडताना रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंगमुळे स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. दहा मिनिटं थांबा, मध्येच बंद केलंत तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. स्क्रीन आली की बायोसमध्ये एक्सपो चालू करा, नाहीतर रॅम ४८०० वगैरे मूळ वेगानेच चालते. मग रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा. एक जरी चूक आली तर वेग ५६०० करून पुन्हा चालवा. ५६०० वरही चूक आली तर पट्ट्या बदलून मागा.

विंडोज ११ टाकण्याआधी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरने सुरू होणं) चालू हवं. विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय, बायोसमध्ये चालू करता येते) आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात, नाहीतर खेळ उघडतच नाही. शेवटी मॉनिटरची डिस्प्लेपोर्ट केबल बोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावा आणि विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन १८० हर्ट्झ स्वतः निवडा. आपोआप ते बरेचदा ६० वरच राहतं.