मदत हवी आहे: ‘शमुवेल’ नावाचा अर्थ मराठी नामसूचीत कसा द्यावा?

बायबलमधल्या १ शमुवेल १:२० मध्ये हन्ना मुलाचं नाव शमुवेल ठेवते आणि कारण सांगते, ‘मी त्याला परमेश्वराकडे मागितला.’ अडचण इथेच आहे. हिब्रूत ‘मागणे’ या क्रियापदाचा धातू शिन-अलेफ-लामेद या तीन अक्षरांचा. शमुवेलात ही तिन्ही अक्षरं आहेत, पण मध्ये मेम आणि वाव येतात, म्हणून त्या धातूतून हे नाव सिद्ध होत नाही. सरळ फोड ‘शेम’ म्हणजे नाव, अधिक ‘एल’ म्हणजे देव. मधला ‘उ’ जुना विभक्तिप्रत्यय की ‘त्याचे’, यावर मतभेद आहेत.

अनेक याद्यांत ‘देवाने ऐकले’ असा अर्थ दिसतो. तो कृपया सुचवू नका. ‘ऐकणे’च्या धातूत शेवटी आयिन लागतो आणि शमुवेलात तो नाही. तो अर्थ इश्माएल या नावाचा, उत्पत्ती १६:११ पाहा.

‘मागितलेला’ हा अर्थ खरा बसतो शौल या इस्राएलच्या पहिल्या राजाच्या नावाला, मूळ उच्चार शाऊल. १:२८ मध्ये तर हन्ना बाळाबद्दल बोलताना नेमकं ‘शाऊल’ हेच रूप वापरते! शिवाय त्याच ओवीत तोच धातू प्रयोजक रूपात ‘देऊन टाकणे, उसना देणे’ या अर्थाने येतो. मराठीत ‘वाहिला’ किंवा ‘समर्पिला’ लिहिलं की ही सगळी वीण उसवते.

दोन प्रश्न:
सूचीत व्युत्पत्ती आणि कथेतला अर्थ वेगळ्या रकान्यांत द्यावेत की एकाच नोंदीत?
‘माग’ याच धातूवरून ‘मागितल्यावर देणे’ दाखवणारं एखादं बोलीतलं क्रियापद कुणाला माहीत आहे का?