खोक्यात सुटं येणारं स्वस्त फर्निचर किती टिकलं? आपापले अनुभव लिहा

पारिजात

भाच्याला पुण्यात नोकरी लागली. जागा भाड्याची आणि रिकामी. पलंग, टेबल, कपाट सगळं ऑनलाइन मागवून घरीच जोडायचं असं त्याने ठरवलंय. बहीण म्हणते, भुशाचं ते, दोन पावसाळे काढणार नाही. माझ्या खारघरच्या घरात असं फर्निचर २०१६ पासून आहे. त्यातलं काही अजून ठणठणीत आहे, काही कधीच भंगारवाल्याने नेलं. म्हणून नक्की काय टिकतं आणि काय नाही, हे मला मनापासून समजून घ्यायचंय. वस्तू कोणती, आतला बोर्ड कोणता, तुमच्याकडची हवा कशी, किती वर्षं झाली आणि सगळ्यात आधी काय बिघडलं, एवढं तरी लिहा. दुकानाची नावं नकोत. 'मस्त आहे' किंवा 'पैसे वाया' एवढ्यावर सोडू नका.

माझ्यापासून सुरुवात करते. पुस्तकांची मांडणी, १६ एमएम पार्टिकल बोर्ड (भुसा दाबून केलेला), फळ्या तीन फुटी. शब्दकोश आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे ठेवले तेव्हा वर्षभरात फळ्यांना मधोमध बाक आला. उलट्या करून लावल्या तर काही महिन्यांत दुसऱ्या बाजूने वाकल्या. त्याच बोर्डाची दुसरी मांडणी दोन फुटी आहे, पुस्तकंही तेवढीच ठासून भरलीत, आणि तिच्या फळ्या आजही सरळ आहेत.

काजवा

वर्क फ्रॉम होमसाठी टेबल घेतलं होतं. वरची फळी चांगली दीड इंच जाड दिसायची. मॉनिटर टांगायचा क्लॅम्प काठावर आवळला आणि फळी कर्रकन आत दबली. उघडून पाहिलं तर वर-खाली पातळ बोर्ड आणि मध्ये कागदाची षटकोनी जाळी. लॅपटॉप, चहाचा कप, वह्या यांच्यासाठी ते टेबल आजही झकास आहे, धाकटा भाऊ वापरतो. फक्त एका जागी आवळून धरलेलं वजन त्याला सोसत नाही. क्लॅम्प लावायचाच असेल तर वर आणि खाली प्लायचा तुकडा द्या, म्हणजे दाब पसरतो.

वाशिष्ठीकाठ

आमचं घर चिपळूणला, बाजारपेठेपासून जवळ. २२ जुलै २०२१ ला पाणी घरात शिरलं. ओसरल्यावर चिखल काढायला लागलो, तेव्हा तीन कपाटं शेजारी शेजारी उभी होती, म्हणून तुलना आपोआप झाली.

पार्टिकल बोर्डाचं कपाट सरकवायला हात लावला तर खालचा भाग हातातच आला. भिजवलेल्या पोह्यांसारखा भुगा, आणि त्याला चिकटून राहिलेला सनमायकाचा पापुद्रा. वरचा अर्धा भाग पाण्याबाहेर होता, तो दिसायला कोरडा. पण दाराच्या बिजागऱ्या पकड सोडून लोंबत होत्या. स्टीलचं कपाट धुऊन, घासून, रंग मारून पुन्हा वापरात आलं, फक्त लॉकर गंजला. आजोबांचं फणसाचं कपाट सावलीत वाळत ठेवलं. त्याची दारं फुगून बसली होती, ती गणपतीनंतर हळूहळू लागायला लागली. आज त्यात आईच्या साड्या आहेत.

मला सांगायचंय ते मात्र पुराबद्दल नाही. तेवढ्या पाण्यात कोणाची काय कथा! त्या बोर्डाच्या कपाटाची खालची कड पुराच्या आधीच बोटभर फुगलेली होती, आणि ती रोजच्या फरशी पुसण्याने. ओलं फडकं दर सकाळी त्या कडेला लागत होतं. पुरानंतर हातात पैसे नव्हते, त्यामुळे पुन्हा तसलंच स्वस्तातलं घ्यावं लागलं. ह्या वेळी खाली चार इंची प्लास्टिकचे पाय लावले. चार पावसाळे झाले, कड अजून सरळ आहे.

रंधा

मी पुण्यात मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब बसवतो, वडील सुतार. वाशिष्ठीकाठ यांनी नेमकं दुखणं पकडलंय. ते असं का होतं ते सांगतो.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या कपच्या आणि भुसा, गोंदात कालवून गरम दाबाखाली बसवलेला. आपल्याकडे उसाच्या चिपाडाचाही करतात. दाबून बसवलेल्या कपच्यांना पाणी लागलं की त्या उसळून वर येतात, आणि नंतर बोर्ड वाळला तरी पहिली जाडी परत येत नाही. लाकूड फुगतं आणि पुन्हा बसतं, फणसाच्या दारांचं तेच झालं. बोर्डाला ती सवलत नाही. वरच्या मेलामाइनच्या थरातून पाणी सहसा जात नाही, ते शिरतं कडेतून आणि भोकांतून. म्हणून कपाट जोडायच्या आधी प्रत्येक फळी उलटून पाहा. समोरच्या कडेला पट्टी चिकटवलेली असते, पण तळाची आणि मागची कड बरेच जण उघडीच सोडतात. त्या उघड्या कडेवर ऑइल पेंटचे किंवा सीलरचे दोन हात मारा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि कपाटाचं आयुष्य त्याने खरोखर वाढतं.

एमडीएफ त्याहून बारीक तंतूंचा. कापायला गुळगुळीत, रंग छान धरतो, पण साधा एमडीएफ पाण्याला तितकाच भितो. एचडीएचएमआर नावाचा घट्ट बोर्ड दमटपणा बराच सोसतो. प्लायमध्ये आयएस ३०३ आणि आयएस ७१० असे शिक्के असतात. ७१० म्हणजे पाणी जास्त सोसणारा मरीन प्लाय, सिंकखाली मी स्वतः त्याशिवाय काही लावत नाही.

पारिजातताई, तुमच्या फळ्यांचं सरळ गणित आहे. तेवढ्याच दाटीने पुस्तकं भरली तर लांबी दुप्पट झाल्यावर बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. दोनच्या तीन फूट केलं तरी पाचपट. मधोमध एक उभी फळी द्या, नाहीतर पुढच्या काठाला खालून दीड इंची लाकडी पट्टी स्क्रूने बसवा.

आता जोडणी. माझ्या पाहण्यात निम्मी कपाटं बोर्डामुळे मोडत नाहीत, घाईघाईने जोडल्यामुळे मोडतात. मिनिफिक्स म्हणजे दोन फळ्या ओढून जोडणारा खिळा आणि त्याला आवळणारी गोल चकती, म्हणजे कॅम. हा कॅम अर्ध्या फेऱ्याच्या आसपास आवळतो आणि थांबतो. तिथे ड्रिल मशीन लावून आणखी पिळला की भोकाभोवतीचा भुसा फुटतो, ती पकड परत मिळत नाही. हातातला पेचकसच वापरा. लाकडी डॉवेल (भोकात बसणाऱ्या छोट्या गोल खुंट्या) खोक्यात उरलेत म्हणून टाकून देऊ नका. मिनिफिक्स नुसतं ओढून धरतो, वजन डॉवेल घेतात. आणि मागची पातळ पाठ! लोकांना वाटतं ती धूळ अडवायला. ती नसली की कपाट बाजूला झुकतं, मग दारं एका रेषेत लागत नाहीत. पाठ ठोकण्याआधी टेपने दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच खिळे मारा.

स्टुटगार्टकर

रंधादादा, पाठीबद्दलचं वाचून खूप गोष्टींचा उलगडा झाला.

मी २०१२ पासून जर्मनीत. इथे हे फर्निचर गरिबाचं किंवा तात्पुरतं मानत नाहीत, घरोघरी आहे. आयकियाचं बिली नावाचं पुस्तकांचं कपाट १९७९ पासून विकलं जातंय. माझ्याकडे तीन आहेत, ८० सेंटिमीटर रुंद, २०२ उंच. एवढ्या वर्षांत एकाचीही कड फुगली नाही. हिवाळाभर हीटर चालतो, घरातली हवा खडखडीत कोरडी. भारतात आई-बाबांकडे डोंबिवलीला जवळपास तसंच कपाट दुसऱ्या एका ठिकाणाहून घेतलं होतं, त्याची पाठ तिसऱ्या पावसाळ्यात पोट काढून बाहेर आली. तेव्हा टिकाऊपणाचा अनुभव विचारताना गाव विचारणं किती गरजेचं आहे ते लक्षात घ्या.

इथे भाड्याचं घर बऱ्याचदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. ओटा, सिंक, वरची-खालची कपाटं सगळं आपणच आणायचं आणि घर सोडताना काढून न्यायचं. आमच्या स्वयंपाकघरात एकच कपाट बिघडलं, गॅसच्या शेजारचं वरचं. कारण शोधायला वेळ लागला. कुकरची शिट्टी बरोबर त्याच्या तळाला वाफ मारत होती. आठवड्यातून चार-पाचदा वरण-भात, प्रत्येक वेळी तीन शिट्ट्या. तळाच्या फळीची पट्टी सुटली, कड फुलली. आता कुकर नेहमी पुढच्या शेगडीवर, आणि त्या तळाला ॲल्युमिनियमची पट्टी.

चाफेकळी

टिकण्याबरोबर एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण ती जिवावरची आहे. ड्रॉवरचं कपाट भिंतीला बांधा.

मुलगी दीड वर्षाची असताना तिने खालचे तीन ड्रॉवर एकापाठोपाठ ओढले आणि पहिल्यावर पाय देऊन उभी राहिली. कपाट पुढे झुकलं. सासूबाई शेजारीच पलंगावर कपडे घडी करत होत्या, त्यांनी हाताने थोपवलं. कपाट हलकं असतं म्हणून काही होत नाही असं समजू नका. उघड्या ड्रॉवरनी सगळा भार पुढे येतो. अमेरिकेत मुलं दगावल्यानंतर २०१६ मध्ये ड्रॉवरची सुमारे २.९ कोटी कपाटं परत मागवली गेली होती, आणि २०२३ पासून तिथे न कलंडणारी कपाटं बनवणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे खोक्यात ती पट्टी आणि स्क्रू येतात, आणि जोडायला येणारा माणूस "भिंतीला भोक पाडू का?" असं विचारतो तेव्हा आपण घरमालकाच्या भीतीने नको म्हणतो. पाडू द्या. भोक बुजवता येतं.

नव्या इमारतीत भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) असेल तर स्क्रूसाठी भोकात घालायची साधी गिट्टी धरत नाही, हाताने ओढली तरी निघते. त्या ब्लॉकसाठी वेगळी लांब गिट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. भोक पाडताना हॅमर बंद ठेवायचा, नुसतं ड्रिल.

जुनाजाणता

आमच्या पिढीने हे फर्निचर वापरलं नाही असं मुलांना वाटतं. स्लॉटेड अँगलची मांडणी काय होती मग? भोकं पाडलेले लोखंडी अँगल, पत्रे आणि नटबोल्टची पुडी, सगळं सुटंच टेम्पोतून यायचं आणि आम्ही पान्याने घरी जोडायचो. माझी १९८२ ची आहे. दादरच्या चाळीतून ठाण्याला आली, तिथून आता बदलापूरला. दर वेळी खोलली आणि पुन्हा जोडली. लोखंडात नटबोल्ट असल्यामुळे खोलल्याने काही झिजत नाही. दिसायला गोदामातली वाटते हे मान्य, पण ज्याला सारख्या जागा बदलायच्यात त्याने पलंग आणि मांडणी लोखंडी घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

फिरस्ता

काकांशी शंभर टक्के सहमत. माझी बदलीची नोकरी. बोर्डाचा डबल बेड बेंगळुरूला घेतला, मग नागपूर, मग नाशिक. नागपूरला पोचेपर्यंत ठीक होता. दुसऱ्यांदा खोलून जोडला तेव्हा डोक्याकडच्या बाजूचे स्क्रू नुसते गरागरा फिरायला लागले, भोकाचे आटेच गेले होते. टूथपिक फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरले, रात्रभर वाळू दिलं, काठाशी कापले, बारीक भोक पाडून स्क्रू परत बसवला. नाशिकला अजून धरून आहे. एका कोपऱ्यात मात्र बोर्डच फुटून फुलला होता, तिथे हा उपाय चालला नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याने वेगळंच केलं. पश्चिमेच्या खिडकीजवळच्या कपाटाची कडेची पट्टी मे महिन्यात सुटून लोंबायला लागली. वर कागद ठेवून मध्यम इस्त्री फिरवली, आतला गोंद वितळून पट्टी पुन्हा बसली. हे शेजारच्या काकूंनी शिकवलं, त्यांचे उपकार.

मांडवी

पणजीहून. आमच्याकडे बोर्डाआधी लोखंड हार मानतं. खाऱ्या हवेत बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या पट्ट्या गंजून घट्ट होतात, मग आपण दार जोराने ओढतो आणि स्क्रूसकट बोर्डाचा तुकडा निघतो. सुरुवातीलाच स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या बदलून घेतलेलं कपाट आठ वर्षं झाली तरी छान चाललंय. कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. टेकवलेल्याच्या पाठीवर जून संपायच्या आत हिरवी-काळी बुरशी येते. भिंतीला बांधायची पट्टी त्या अंतराला पुरेल एवढी लांब घ्या, चाफेकळींचं म्हणणं फार मोलाचं आहे.

निशिगंध

वाळवीबद्दल कोणीच लिहिलं नाही. तळमजला, कोल्हापूर. टीव्हीचं युनिट बाहेरून नवं कोरं, आणि एक दिवस ड्रॉवर ओढला तर समोरची फळी पापुद्र्यासारखी दबली. आतलं सगळं खाऊन फस्त, वर नुसता सनमायका. वाळवी भिंतीच्या सांध्यातून पाठीच्या हार्डबोर्डात आणि तिथून आत शिरली होती. तळमजल्यावर राहत असाल तर आधी भिंतीच्या कडेने वाळवीचं औषध मारून घ्या, आणि दर दोन-तीन महिन्यांनी युनिट पुढे ओढून मातीच्या रेषा दिसतात का ते पाहा.

रंधा

निशिगंधताई, त्या युनिटचा एकही तुकडा दुसऱ्या कामाला ठेवू नका, सगळा बाहेर काढा. शेजारचं फर्निचर ठोकून ऐका, पोकळ आवाज आला की आत पोचली समजा.

फिरस्ता, तुमचा फुटलेला कोपरा वाचेल. फुललेला भुसा चाकूने साफ करा, फेव्हिकॉल आत ओतून दोन्ही बाजूंनी सपाट पट्ट्या लावून शिकंज्यात आवळा आणि एक दिवस तसंच ठेवा. मग जुन्या भोकाच्या नादी लागू नका. आतून लोखंडी एल पट्टी घ्या, तिचे स्क्रू फुटलेल्या भागापासून किमान दोन इंच लांब, धडक्या बोर्डात बसवा. पलंगाला शक्यतो आरपार नटबोल्ट मारा, मागे मोठा वॉशर. पुढची बदली आली की नुसता नट सोडायचा.