प्रकरण १९ म्हणजे नक्की कोणतं? ('कॅपिटल' वाचताना झालेला घोळ)

हिशेबनीस_सोलापूर
नमस्कार मंडळी. पाच महिने झाले, एका ऑनलाइन गटात कार्ल मार्क्सच्या 'कॅपिटल'चा पहिला खंड वाचतेय. बर्लिनचे तिघं, पॅरिसची एक, साओ पावलोचे दोघं आणि सोलापुरातून मी. रविवारी बर्लिनला संध्याकाळचे पाच होतात तेव्हा माझ्याकडे साडेआठ. भाकऱ्या उरकून बसते. साओ पावलोवाल्यांची तेव्हा भर दुपार.

मी यंत्रमागाच्या कारखान्यात पगारपत्रक लिहिते. माल टॉवेलचा, मजुरी नगावर. त्यामुळे मजुरीचा भाग कधी येतो याची वाटच बघत होते. ठरलं, पुढच्या वेळी प्रकरण १९. माझ्याकडे वडिलांची मॉस्को छापाची इंग्रजी प्रत आहे, पुठ्ठा सुटलेली. डिक्शनरी घेऊन तीन रात्री बसले. रविवारी ऐकते तर सगळे नगावरच्या मजुरीवर बोलतायत आणि मी वाचलेलं भलतंच! अख्ख्या गटात नगाचा दर रोज लिहिणारी एकटी मी, आणि दीड तास माइक बंद. चुकलं कुठे? आता ते प्रकरण पुन्हा काढा म्हणायचं, की गप्प पुढे जायचं?

जुना_गिरणगावकर
ताई, तुमचं काही चुकलं नाही. जर्मन प्रतीत २५ प्रकरणं, इंग्रजीत ३३. मार्क्सने १८७२ ते ७५ मध्ये फ्रेंच भाषांतर स्वतः तपासून हप्त्यांनी काढलं, त्यात विभागणी बदलली. १८८७च्या इंग्रजी भाषांतरात मार्क्सचा सहकारी एंगल्स याने तीच ठेवली. जर्मन चौथ्याची इंग्रजीत चार, पाच, सहा अशी तीन झाली. तिथून जर्मन २३ पर्यंत सरळ दोन मिळवा. म्हणजे बर्लिनवाल्यांचं १९ ते तुमचं २१. पुढे जर्मन २४ चे इंग्रजीत सात तुकडे आहेत, २६ ते ३२, तिथे पुन्हा गोंधळ होणार. पॅरिसच्या बाईंकडे ते जुनं फ्रेंच भाषांतर असेल तर त्यातही ३३च, मग त्या कशा बोलल्या नाहीत?

कोरा_कागद
आकडा सांगूच नका. प्रकरणाचं नाव आणि पहिल्या ओळीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. आम्ही तेच करतो.

तिरकस
सोलापुरात यंत्रमाग कमी पडले म्हणून बर्लिनकडून मजुरी शिकायची?

हिशेबनीस_सोलापूर
@तिरकस, शिकायची नाही, सांगायची होती. तेच राहिलं ना!

जुना_गिरणगावकर
मग सांगाच. आणि तीन रात्री वाया गेलेल्या नाहीत. तुम्ही वाचलंत त्यात कामगार श्रम विकत नाही, श्रमशक्ती म्हणजे काम करण्याची ताकद विकतो, हा मुद्दा आहे. तो कळल्याशिवाय नगाची मजुरी म्हणजे वेळेच्याच मजुरीने घेतलेलं सोंग, हे पटत नाही. तुमच्याकडे दर ठरतो कसा?

हिशेबनीस_सोलापूर
काल रात्री २१ वाचलं. अहो, दर असाच तर ठरतो! आधी बघतात, बारा तासांच्या पाळीत साधारण हाताचा माणूस किती नग काढतो. पाळीला द्यायचे पैसे मनात ठरलेलेच असतात, त्याला नगांनी भागतात. शेठ मात्र म्हणतात, "जितकं काढशील तितकं तुझं." नवीन पोरगा हे ऐकून पहिल्या महिन्यात जेवायलासुद्धा उठत नाही.

मार्क्स म्हणतो, या पद्धतीत देखरेखीची गरज बरीच कमी होते, आणि मालाच्या दर्जावरून मजुरी कापायला वाव मिळतो. आमच्या पत्रकात त्यासाठी वेगळा रकाना आहे, 'डाग'. तेलाचा डाग पडला की नग बाद. तेल मागाचं, कपात माणसाची. आठ वर्षं तो रकाना मीच भरतेय.

बर्लिनच्या एकाला आत्ताच मेसेज केला, रविवारी पंधरा मिनिटं मला द्या म्हणून. कोऱ्या पत्रकाचा फोटो दाखवणार आहे, नावं नसलेला. 'डाग'ला इंग्रजीत काय म्हणावं, एवढं कुणीतरी सांगा.