मे महिन्यात घरी '२' आकड्याचा बिनअंड्याचा केक: साचा नाही, क्रीम टिकेल का?

वाटीचमचा:
मुलाचा दुसरा वाढदिवस १५ मेला आहे, अकोल्यात. मोठी-लहान मिळून १८ माणसं. '२' आकड्याच्या आकाराचा केक करायचा आहे, पण तसा साचा इथे मिळत नाही. घरात २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन), ७ इंची चौकोनी भांडं आणि हँड बीटर आहे.

अडचणी तीन.
१) दह्याचा स्पंज दोनदा मध्ये बसला. माप: दीड कप मैदा, १ कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा टीस्पून बेकिंग पावडर, १ टीस्पून सोडा. १८० वर ठेवला, विसाव्या मिनिटाला उघडून सुरी घालून बघितली.
२) दुकानातलं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी घट्ट होत नाही.
३) वर मुलाच्या आवडीच्या गाड्या आणि रस्ता हवाय. रंग कोणते वापरू?
फाँडंट (साखरेच्या लगद्याचं लाटलेलं आवरण) नको, मुलं काढून टाकतात.

मोजपट्टी:
स्पंजचं आधी. तुमचं बाकी माप बरोबर आहे, सोडा दुप्पट पडलाय. १ कप दह्यातल्या आंबटपणाला अर्धा टीस्पून सोडा पुरतो. जास्त झाला की केक भराभर फुगतो, आतला भाग शिजून आधार धरायच्या आत वायू निघून जातो आणि मध्ये खड्डा पडतो. वर साबणासारखी चव राहते ती वेगळीच. दुसरं कारण विसाव्या मिनिटाला दार उघडणं. निदान पहिली २८ मिनिटं हात लावू नका. १७० अंशांवर ३२ ते ३८ मिनिटं लागतील. ओटीजीचा पंखा चालू ठेवणार असाल तर १५५-१६०.

मैदा शक्यतो वजनावर घ्या. चाळून, चमच्याने हलका भरलेला २४० मिलीचा कप म्हणजे साधारण १२५ ग्रॅम. दाबून भरला की तोच १५० वर जातो. दीड कपाला १९० ग्रॅम धरा. दही ताजं, आंबट नको, वर सुटलेलं पाणी ओतून टाका. दही-साखर फेटून त्यात पावडर आणि सोडा घालून ५ मिनिटं थांबा, फेस आला की तेल, मग मैदा दोन हप्त्यांत. मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा. मऊपणासाठी मैद्यात कॉर्नफ्लोअर घालायची सवय असेल तर या केकला ती मोडा. आकार कापायचा आहे, स्पंज थोडा दमदारच हवा.

हे माप ८ इंची गोल भांड्याचं मानतात, पण ७ इंची चौकोनाचं क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच असतं, त्यामुळे तुमच्या भांड्यात बिनधास्त घाला. असे दोन स्पंज लागतील. दुसऱ्याचं मिश्रण पहिला बाहेर आल्यावरच कालवा. तासभर बाहेर राहिलेल्या मिश्रणातला जोर निघून गेलेला असतो.

आता आकार. साचा लागतच नाही. दोन्ही चौकोन अगदी सारखे कापायचे: डाव्या बाजूने, वरच्या कडेपासून अडीच इंच खाली यायचं आणि तिथून साडेचार इंच आत, सव्वातीन इंच उंच असा आयत कापून काढायचा. खाली सव्वा इंचाची पट्टी उरेल. मग एक चौकोन अर्धा फेरा फिरवून (पालथा करायचा नाही) दुसऱ्याला खालून जोडायचा. दोन सव्वा इंची पट्ट्या मिळून मधली अडीच इंची आडवी रेघ होते आणि १४ इंच उंच '२' तयार. कॅलक्युलेटरवरच्या इंग्रजी 2 सारखा दिसेल. वरचे दोन कोपरे गोल तासले की नजरेला बरा वाटतो. कागदावर आधी करून बघा, डोक्यात उलटं-सुलटं हमखास होतं.

कापण्याआधी स्पंज प्लास्टिकमध्ये गुंडाळून ४० मिनिटं फ्रीजरमध्ये. गार स्पंजचा चुरा कमी पडतो. सुरी दातेरी घ्या.

अडीच इंची पट्टीवर दर दीड इंचाला काप घेतला तर १८ तुकडे पडतात, म्हणजे तुमचा हिशेब नेमका बसतो. कापून काढलेले दोन आयत उरतीलच.

सायीचा_गोळा:
क्रीम घट्ट होत नाही यात तुमच्या हाताचा दोष नाही. पाकिटावरचं फॅट वाचा. साधं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं असतं. हवा धरून उभं राहायला ३० च्या वर, खरं तर ३५ च्या आसपास लागतं. अकोल्याच्या मे महिन्यात मी दुधाच्या क्रीमच्या वाटेला जाणारच नाही. बेकरीच्या सामानाच्या दुकानात गोठवलेलं, वनस्पती फॅटचं व्हिपिंग क्रीम मिळतं, ते घ्या. त्यात साखर असते, वरून घालू नका.

आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात. फेटताना त्यात बर्फाचे बारीक कण हाताला लागले पाहिजेत. पूर्ण पातळ आणि कोमट झालेलं क्रीम फुगत नाही. भांडं आणि बीटरची पाती १५ मिनिटं फ्रीजरमध्ये, भांड्याखाली बर्फाची परात, वेग मध्यम. टोक उभं राहून किंचित वाकलं की थरासाठी थांबा, नक्षीसाठी अर्धं मिनिट आणखी. रवाळ दिसायला लागलं तर जास्त झालं. २-३ चमचे न फेटलेलं क्रीम हाताने मिसळा, सावरतं.

किती लागेल? इथे बहुतेक जण फसतात. ८ इंची गोल केकचा घेर २५ इंच असतो, तुमच्या '२' ची कड फिरून मोजलीत तर ६० इंच भरेल. म्हणजे बाजूंनाच दुपटीहून जास्त क्रीम. पातळ ४०० मिली फेटायला घ्या, ३०० मधला थर आणि लेपाला, १०० नक्षीला. ते तिप्पट तरी फुगतं.

कापलेल्या कडांतून चुरा सुटतो, म्हणून आधी पारदर्शक दिसेल इतका पातळ लेप, अर्धा तास फ्रीज, मग जाड थर. साखरपाणी अर्ध्या कपाहून जास्त नको, दह्याचा स्पंज मुळातच ओलसर असतो. मधल्या जोडावर तर अजिबात नको, तिथेच तुटतो.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी फ्रीजची फळी मोजा! खालचा पुठ्ठा कमीत कमी ९ बाय १६ इंचांचा लागणार. एका दाराच्या फ्रीजमध्ये तो आडवा बसला नाही तर दोन चौकोन वेगळ्या पुठ्ठ्यांवर लेपून ठेवा आणि ऐन वेळी जोडून जोडावर क्रीम फिरवा.

वाटीचमचा:
सारखे कापून फिरवायचं कागदावर करून बघितलं, जमलं! बटरक्रीम जास्त टिकतं असं ऐकलंय, ते करू का? आणि रंगासाठी बीट-हळद चालेल?

सायीचा_गोळा:
बटर ३२-३५ अंशांना वितळतं. तुमच्याकडे दुपारी बाहेर ४२ असताना ते क्रीमपेक्षा आधी हार मानेल. शिवाय २०० ग्रॅम बटरला ४०० ग्रॅम आयसिंग शुगर, दोन वर्षांच्या मुलाला कशाला? उन्हाळ्यात खरंच टिकाऊ हवं असेल तर गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं घट्ट मिश्रण: ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १५० मिली क्रीम. त्याला तुमचं ते २५ टक्केवालं फ्रेश क्रीम चालतं. रस्ता त्याचाच करा हवं तर.

हळदकुंकू:
रंगाचं सांगते. हळद आणि बीट मिश्रणात घालू नका. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू तसंच तर करतात. सोडा जरा जास्त झाला की पिवळा केक विटकरी निघतो. बीट भाजताना तपकिरी पडतं. क्रीममध्ये मात्र दोन्ही चालतात: हळद चिमटीच्या निम्मी, बीट पावडरच्या रूपात. रस घातला तर क्रीम सैल पडतं. बाजारचे पाण्यासारखे रंगही त्याच कारणाने नकोत. जेलसारखे घट्ट रंग घ्या, टूथपिकच्या टोकाला लागेल तेवढाच, आणि हवा त्यापेक्षा फिकट ठेवा. दोन-तीन तासांत तो गडद होतो. गडद लाल आणि काळा कडवट लागतात, वर मुलांचे ओठ, कपडे, सोफा सगळं रंगतं. बाटलीवर एफएसएसएआय परवाना क्रमांक बघा. आपल्याकडे खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे.

रस्त्याला रंगच नको. चॉकलेट बिस्किटांमधलं क्रीम खरवडून बिस्किटं मिक्सरमधून काढा, चाळा, आणि '२' च्या मधोमध दीड इंच रुंद पट्टा पसरा. ओल धरून तो आणखी डांबरासारखा दिसतो. पांढऱ्या तुटक रेषांसाठी धुऊन कोरड्या केलेल्या दुधाच्या पिशवीचा कोन पुरतो. बाजूंना हिरवं गवत: २३३ नंबरचं नोझल, टेकवा, दाबा, ओढा, दाब सोडून मग उचला. दाब न सोडता उचललंत तर गवताच्या शेपट्या होतात. पिशवी अर्धीच भरा, हाताच्या उबेने क्रीम पातळ होतं. दोन पिशव्या आलटून पालटून वापरा, एक फ्रीजमध्ये.

गाड्या मुठीएवढ्या, गरम पाण्याने धुतलेल्या, सुटी चाकं नसलेल्या. चांदीचे टणक गोळे, टूथपिक, तार लावलेले टॉपर, अख्खी द्राक्षं, मार्शमॅलो, जेलीच्या गोळ्या यातलं काहीही दोन वर्षांच्या मुलाच्या केकवर नको, घशात अडकतं. 'नॉन टॉक्सिक' लिहिलेली चमकी म्हणजे खाण्याची चमकी नव्हे. पाहुण्यांत वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध कशातही नको.

मोजपट्टी:
मेणबत्तीसाठी उरलेला एक आयत वापरा. फुंकर (आणि थुंकी) त्याच्यावर, मोठा केक स्वच्छ. कारंज्यासारखी ठिणग्या उडवणारी मेणबत्ती घेऊ नका, तिची राख क्रीमवर पडते.

थंडडबा:
वेळापत्रक असं बसवा. १३ ला स्पंज, गार झाल्यावर गुंडाळून फ्रीज. १४ ला कापणी, पातळ लेप, जाड थर. १५ ला सकाळी गवत आणि रस्ता, गाड्या अगदी शेवटी. लेप पहाटे किंवा रात्री एसीच्या खोलीत करा. कूलरसमोर नको, त्याच्या दमट हवेने क्रीमवर पाण्याचे थेंब जमतात. सजवलेला केक फ्रीजरमध्येही नको, बाहेर काढल्यावर घाम सुटून गवत ओघळतं.

वीज जायची धास्ती असेल तर मोठा थर्माकोलचा डबा, तळाशी बर्फाच्या पिशव्या, वर ताट पालथं, त्यावर केक. कापायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा आणि उरलेलं तासाभरात परत फ्रीजमध्ये.

वाटीचमचा:
फळी मोजली, १७ बाय ११. बसतोय!